नवऱ्याची गाठ, दोन रिपोर्ट आणि एक सही

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत, हायस्कूलला गणित शिकवतात. कॉलेजात असल्यापासून त्यांना अधूनमधून फिट यायच्या, गोळी चालू होती. दीड वर्षापूर्वी डोकं फार दुखायला लागलं म्हणून एमआरआय केला, तर उजव्या कानाच्या वर मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड चार असं आलं, म्हणजे सगळ्यात वाईट प्रकारातला मेंदूचा कॅन्सर. सहा आठवडे लाईट (रेडिएशन) दिली, गोळ्या दिल्या. लाईट संपून १३ महिने झाले. हे चांगले होते, शाळेत जायला लागले होते. आता नवीन एमआरआयमध्ये त्याच जागी चमक दिसतेय. मोठ्या हॉस्पिटलने जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागवून परत तपासले, तर गाठीचं नावच बदललं: प्लिओमॉर्फिक झँथोॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड तीन. चमकेबद्दल म्हणतात की गाठ परत आली असेल किंवा लाईटमुळे मेंदूचा तेवढा भाग मेला असेल, नक्की सांगता येत नाही, कदाचित परत ऑपरेशन करावं लागेल. त्यातच एक फॉर्म दिलाय. उरलेला तुकडा संशोधनासाठी द्या म्हणतात. मोठे दीर म्हणतात, अजिबात सही करायची नाही, हे लोक मेंदूचे तुकडे विकतात. पहिल्या डॉक्टरवर केस टाकायचंही त्यांच्या मनात आहे. मला रात्र रात्र झोप नाही. सही करू का?

एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मी पहिल्यांदा थांबले ती ग्रेडपाशी नाही, दिरांच्या केसपाशीही नाही. 'कॉलेजात असल्यापासून फिट यायच्या' या वाक्यापाशी थांबले. पंधरा वर्षं फिट येणारा माणूस आणि ग्लिओब्लास्टोमा ही जोडी सहसा जमत नाही. ग्लिओब्लास्टोमा काही महिन्यांत वाढतो, तो पंधरा वर्षं दाराबाहेर चपला काढून बसून राहत नाही. इतकी जुनी फिट असेल तर आत काहीतरी सावकाश चाललेलं असण्याची शक्यता जास्त. नवीन रिपोर्टमधलं नाव या गोष्टीशी जुळतं.

हे मी आज शहाण्यासारखं सांगतेय. शिकत असताना हीच चूक मीही केली होती. एका एकोणीस वर्षांच्या मुलीची स्लाइड होती. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पाचावर धारण बसली. अवाढव्य पेशी, एकेकीत दोन-दोन तीन-तीन केंद्रकं, काही काळीकुट्ट, काही वेड्यावाकड्या. मी वहीत 'हाय ग्रेड ग्लिओमा', म्हणजे मेंदूची घातक गाठ, असं लिहून मोकळी झाले. आमच्या सरांनी स्लाइड बघायच्या आधी फॉर्म मागितला. वय काय? फिट किती वर्षं? गाठ मेंदूच्या वरच्या थरात की खोल? फॉर्मवर फिटची सात वर्षं लिहिलेली होती, मी ती वाचलीच नव्हती. मग त्यांनी स्लाइड पाहिली आणि एवढंच म्हणाले, 'रेटिक्युलिन करून आण.' तो चांदीच्या क्षारांचा रंग असतो. दुसऱ्या दिवशी स्लाइडवर प्रत्येक पेशीभोवती काळ्या धाग्यांचं जाळं उमटलेलं दिसलं, मासे धरायच्या जाळ्यासारखं. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींभोवती असं जाळं सहसा नसतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण या गाठीसाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

नाव लांबलचक आहे, पण फोडून पाहिलं तर सोपं आहे. प्लिओमॉर्फिक म्हणजे नाना रूपांच्या पेशींची. झँथो म्हणजे पिवळी, कारण काही पेशींत चरबीचे थेंब भरलेले असतात. ॲस्ट्रोसायट म्हणजे मेंदूतल्या चांदणीच्या आकाराच्या आधारपेशी, त्यांच्यापासून झालेली. आम्ही लॅबमध्ये नुसतं पीएक्सए म्हणतो. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त, बहुतेक वेळा कानाच्या वरच्या भागात, मेंदूच्या पृष्ठभागालगत, आणि पहिलं लक्षण बहुधा फिट. तुमच्या मिस्टरांचं वर्णन त्यात जवळजवळ तंतोतंत बसतं.

ही गाठ वेगळी आहे हे कळायला १९७९ साल उजाडलं. अमेरिकेतल्या कॅन्सासचे पॅथॉलॉजिस्ट (म्हणजे माझ्यासारखे, तुकडे तपासून आजाराचं नाव सांगणारे डॉक्टर) जॉन केपेस यांनी लुसियन रुबिनस्टाइन आणि लॉरेन्स एंग यांच्यासोबत अवघ्या १२ रुग्णांवर एक निबंध लिहिला. त्याआधी अशा गाठी पाहणाऱ्यांना वाटायचं की या मेंदूच्या मूळ पेशींच्या नाहीतच, चरबी भरलेल्या कुठल्यातरी आवरणाच्या पेशींच्या असाव्यात. केपेस यांनी दाखवलं की त्या ॲस्ट्रोसायटच आहेत, आणि दिसायला भयंकर असल्या तरी वागायला त्या मानाने बऱ्या आहेत.

हे दाखवलं कशावरून? आता तुमच्या हातातला दुसरा रिपोर्ट उघडा. मार्करची, म्हणजे पेशींची ओळख पटवणाऱ्या खुणांची, जी यादी असेल, तिच्यात 'जीएफएपी' असं एक नाव बहुधा सापडेल. हे ॲस्ट्रोसायटमधलं एक प्रथिन. पेशीत ते असेल तर स्लाइडवर तपकिरी रंग चढतो. हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते याच लॉरेन्स एंग यांनी. आणि ते काढलं गाठीतून नव्हे, तर मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजाराने वारलेल्या माणसांच्या मेंदूतून. त्या आजारात मेंदूत जागोजागी घट्ट चट्टे पडतात, जखम भरून आल्यावर व्रण राहतो तसे. त्या व्रणांत ॲस्ट्रोसायट ठासून भरलेले असतात, म्हणून प्रथिनही भरपूर मिळालं. १९७१ मध्ये त्यांनी ते सविस्तर छापलं. मेंदूच्या इजेचा अभ्यास करताना सापडलेलं प्रथिन, आठ वर्षांनी त्यानेच एका दुर्मिळ गाठीची ओळख पटवली. आणि आज तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टवरही बहुधा त्याचंच नाव असेल. ज्यांच्या मेंदूतून ते निघालं त्यांची नावं मला माहीत नाहीत, कुणालाच नसतील. तुमच्या फॉर्मकडे मी याच बाजूने बघते, पण फॉर्मचं नंतर.

आधी पहिल्या डॉक्टरांचं बघू. केस टाकायच्या आधी दिरांना सांगा, पहिला रिपोर्ट घ्या आणि नुसतं ठळक अक्षरातलं नाव वाचू नका, शेवटची बारीक अक्षरातली टीप वाचा. आम्ही पॅथॉलॉजिस्ट सगळं खरं त्या टिपेत लिहितो. 'अमुक असण्याची शक्यता जास्त', 'पुढील जनुकीय तपासणी सुचवली आहे', 'क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावं'. नावापुढे 'एनओएस' अशी तीन अक्षरं असतील तर त्याचा अर्थ, आवश्यक त्या जनुकीय चाचण्या झालेल्या नाहीत, दिसलं त्यावरून नाव दिलंय. 'एनईसी' असेल तर चाचण्या झाल्या, पण उत्तर कुठल्याच साच्यात बसलं नाही. ही टीप असेल आणि ती कुणी वाचलीच नसेल, तर तुमची तक्रार खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण नुसतं नाव बदललं म्हणून कुणी चोर ठरत नाही. पीएक्सए आणि ग्लिओब्लास्टोमाचा एक उपप्रकार हे दोघं इतके एकसारखे दिसतात की जाणत्यांचीही मतं वेगवेगळी पडतात.

किती पडतात याचा एक आकडा आहे. जर्मनीतल्या हायडलबर्गच्या संशोधकांनी गाठीच्या डीएनएवर लागलेल्या रासायनिक खुणांवरून नाव सांगणारी एक पद्धत तयार केली आणि २०१८ मध्ये ती छापली. मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे २,८०१ नमुने आणि ८२ प्रकार त्यांनी संगणकाला शिकवले. मग नव्याने आलेल्या अकराशेच्या आसपास रुग्णांवर पद्धत लावून पाहिली, तर त्यातल्या सुमारे १२ टक्के रुग्णांचं निदान बदललं. हे सगळे रुग्ण चांगल्या केंद्रांतले होते. तेव्हा जिल्ह्याच्या लॅबमध्ये एकटा बसून दिवसाला पन्नास बायोप्सी बघणारा माणूस दुर्मिळ गाठीला अडखळला, तर मला त्याचा राग येत नाही. ब्लॉक नीट जपून ठेवले आणि मागितल्यावर दिले, त्याबद्दल उलट बरंच वाटतं.

लाईट उगाच दिली का, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार, तुम्ही तो लिहिला नाहीत एवढंच. उत्तर असं की ग्रेड तीनच्या पीएक्सएलाही पुष्कळदा लाईट दिली जातेच. ग्रेड ठरते ती विभागणाऱ्या पेशी मोजून. तुमच्याकडे तीन लिहिलंय, म्हणजे पेशी बऱ्यापैकी वेगाने विभागत होत्या. तेव्हा 'नाव बरोबर असतं तर लाईट टळली असती' असं घरात कुणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवा. तो हिशोब तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तेच सांगू शकतील.

आता चमक. एमआरआयच्या वेळी शिरेतून जे औषध देतात, ते रक्तवाहिनीच्या बाहेर झिरपलं की तेवढी जागा पांढरी दिसते. मेंदूच्या रक्तवाहिन्या एरवी फार कंजूष असतात, काही झिरपू देत नाहीत. गाठ परत आली तर तिच्या नव्या, कच्च्या वाहिन्यांतून औषध गळतं. आणि लाईटमुळे जुन्या वाहिन्यांचं अस्तर खराब झालं तरी गळतं. पांढरं दोन्हीकडे, म्हणून रेडिओलॉजिस्ट हात वर करतात. टाळाटाळ नाही ती.

लाईटची ही इजा बहुतेक वेळा सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान डोकं वर काढते, कधी त्याहून उशिराही. तुमचे १३ महिने म्हणजे ऐन त्या मधल्या काळात. याने निर्णय होत नाही, पण आशेला जागा आहे, हे मी खोटा दिलासा म्हणून लिहीत नाही. मायक्रोस्कोपखाली ही इजा मी पुष्कळदा पाहिली आहे. वाहिनीची भिंत नेहमी कागदासारखी पातळ असते, ती जाड, काचेसारखी, गुलाबी झालेली असते. आतली वाट बारीक होत होत बंद पडते. तिच्यावर जगणारा मेंदूचा पट्टा मरतो, फिकट गुलाबी राखेसारखा. भोवती मेलेली चरबी गिळून फुगलेल्या सफाई कामगार पेशी असतात. आता गंमत बघा, या फुगलेल्या पेशी आणि पीएक्सएच्या चरबी भरलेल्या पेशी लांबून चुलत बहिणी दिसतात. शिवाय लाईट लागलेले साधे, निरोगी ॲस्ट्रोसायटही मोठे आणि बेढब होतात. म्हणून परत बायोप्सी झालीच, तर तिच्या फॉर्मवर लाईट कधी संपली, एकूण किती डोस दिला आणि पहिल्या गाठीची दोन्ही नावं लिहिली गेली पाहिजेत. सहा आठवड्यांचा कोर्स साधारण ६० ग्रे (ग्रे हे डोसाचं माप), ३० बैठका असा असतो, पण तुमच्या डिस्चार्ज कार्डवरचाच आकडा द्या. फॉर्म भरणारा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, रात्रभर जागलेला असतो, त्याच्या हातात कार्ड द्या आणि 'डॉक्टर, एवढं लिहा हो' म्हणा. मी एकोणीस वर्षांच्या त्या मुलीच्या फॉर्मवरून बोलतेय.

एक शब्द तुम्हाला दोन ठिकाणी दिसेल आणि घोळ होईल. पहिल्या रिपोर्टमध्ये 'नेक्रोसिस' लिहिलं असेल, ते गाठीच्या आतलं मरण: गाठ इतकी वाढली की मध्ये रक्त पुरेना. आताच्या एमआरआयवर 'रेडिएशन नेक्रोसिस?' लिहिलंय ते लाईटमुळे झालेलं. शब्द एक, गोष्टी दोन. पहिलं वाईट लक्षण असतं, दुसरं असलं तर ती त्यातल्या त्यात बरी बातमी.

ऑपरेशनआधी काय विचारायचं? परफ्युजन एमआरआय झाला का हे विचारा. गाठीत रक्ताची ये-जा वाढलेली असते, मेलेल्या भागात घटलेली. हे बहुतेक वेळा त्याच मशीनवर, त्याच इंजेक्शनमध्ये होतं, फक्त आधी सांगावं लागतं. नंतर आठवलं तर परत खर्च, परत उपाशी बसणं. स्पेक्ट्रोस्कोपीही विचारा, ती त्या जागेतली रसायनं मोजणारी एमआरआयचीच तपासणी. साध्या साखरेच्या पेट स्कॅनवर फार भिस्त ठेवू नका, कारण निरोगी मेंदूच मुळात साखरेचा खादाड, सगळंच उजळतं. अमिनो आम्लाचे वेगळे पेट स्कॅन असतात, काही मोठ्या केंद्रांत होतात. आणि मिस्टरांची तब्येत ठीक असेल, शाळेत जात असतील, तर काही आठवडे थांबून परत एमआरआय करणं हाही एक रस्ता आहे. थांबणं म्हणजे हयगय असं नातेवाइकांना वाटतं. नसतं.

सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू केलं असेल तर दोन गोष्टी. मध्येच मनाने बंद करायचं नाही, आणि साखर तपासत राहायचं. त्याने बरं वाटलं म्हणजे गाठ नाहीच असंही नाही, सूज दोन्हीत उतरते. नेक्रोसिस ठरलंच आणि स्टेरॉइडने भागलं नाही, तर बेव्हॅसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. रक्तावाचून कासावीस झालेल्या पेशी वाहिन्या गळक्या करणारं एक प्रथिन सोडतात, हे औषध त्यालाच बांधून टाकतं. याचा पुरावा २०११ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला झालेल्या ज्या चाचणीने दिला, तिच्यात रुग्ण होते फक्त १४. दुर्मिळ आजारांत असंच असतं, १२ रुग्ण, १४ रुग्ण. प्रत्येक जण मोलाचा.

दुसरं ऑपरेशन झालंच तर एक गोष्ट मनाशी धरून राहा. उत्तर 'हे किंवा ते' असं येईलच असं नाही. पुष्कळदा एकाच तुकड्यात मेलेला भागही असतो आणि कडेला जिवंत गाठीच्या थोड्या पेशीही. मग त्या किती, विभागताहेत का, यावर पुढचं ठरतं. आणि सुईने घेतलेल्या बारीकशा नमुन्यात नुसतं नेक्रोसिस आलं, तर सुई फक्त मेलेल्या भागात गेली होती का, हे सर्जनना विचारायला लाजू नका.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त जाणून घ्यायचंय ते दुसरंच: बीआरएएफ तपासलं का? पीएक्सएमध्ये निम्म्याहून जास्त वेळा बीआरएएफ या जनुकात एक ठराविक बदल सापडतो, त्याला व्ही६००ई म्हणतात. हाच बदल २००२ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात सापडला आणि त्याच्यावर गोळ्या निघाल्या. आता डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या जोडगोळीला अमेरिकेत २०२२ पासून हा बदल असलेल्या वेगवेगळ्या अवयवांच्या गाठींसाठी मान्यता आहे, जिथे दुसरा चांगला इलाज उरलेला नाही तिथे. गोळ्या महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि तुमच्या मिस्टरांना त्यांची गरज पडेल की नाही हे मी इथे बसून सांगणार नाही. पण चाचणी झालेली असली पाहिजे. झालेली नसेल तर मेंदूच्याच बायोप्सी बघणारे लोक जिथे आहेत, परळचं टाटा, बंगळूरचं निम्हान्स, अशा ठिकाणी ब्लॉक दाखवून करून घ्या. झालेली असेल तर तिसरं मत, चौथं मत असं फिरत बसू नका.

आणि याच चाचणीमुळे ब्लॉक जपायचे. ब्लॉक म्हणजे काय ते तुम्ही हातात घेतलं असेल: काडेपेटीहून लहान प्लास्टिकची जाळीदार डबी, वर पांढरं मेण, मेणात चिमूटभर करडा तुकडा. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढून स्लाइड बनते, केसाच्या जाडीच्या वीसाव्या हिश्श्याइतके. प्रत्येक नव्या मार्करला नवा काप. तुकडा संपतो, ताई. मोठा असेल तर वर्षानुवर्षं पुरतो, सुईचा नमुना असेल तर दहा-बारा तपासण्यांत मेण तेवढं उरतं. ब्लॉक घेताना मोजून घ्या, नंबर रजिस्टरशी ताडून घ्या, परत करतानाही मोजा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण साठ अंशांच्या आत वितळायला लागतं. एकदा एक गृहस्थ बायकोचे ब्लॉक घेऊन आले होते, सहा डब्यांचा एक गोळा. आम्ही तो सोडवला, पण कुठला तुकडा कुठल्या डबीतला हे शेवटपर्यंत अंदाजानेच.

आता सही. तुम्ही विचारता, मी सही करू का. तुमच्या सहीचा प्रश्नच नाही. मिस्टर शुद्धीवर आहेत, परवापर्यंत नववीला बीजगणित शिकवत होते. तुकडा त्यांचा, सही त्यांची. फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला गेला का? पत्रात सगळे बोलतात, दीर बोलतात, डॉक्टर बोलतात, तुम्ही बोलता, ते एकदाही बोलत नाहीत. मेंदूची गाठ म्हटलं की घरचे लोक माणसाला बाजूला बसवून त्याच्या वतीने जगायला लागतात, हे मी फार पाहिलंय. माणूस समजून घेऊन ठरवू शकत असेल तर संशोधनाची संमती त्याचीच लागते, नातेवाइकाची चालत नाही. त्यांच्यासमोर फॉर्म ठेवा, चहा करा आणि त्यांना वाचू द्या.

त्यांनी काय बघावं? आपल्याकडे आयसीएमआरची (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, फॉर्म त्यांना धरून हवा. मराठीत हवा, निदान मराठीत समजावलेला. कुठल्या एथिक्स कमिटीने मंजूर केला आणि शंका आली तर फोन कुणाला, हे छापलेलं हवं. नमुना एकाच अभ्यासासाठी की पुढच्याही, जनुकीय तपासणी होणार का, परदेशी जाणार का, त्यातून पुढे कुणी पैसे कमावू शकेल का, हे स्पष्ट हवं. नाव काढून कोड लावणार का? उद्या मन बदललं तर बाहेर पडता येतं का? येतं, आणि नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये, तेही फॉर्मवर असतं. सही करायला पैसे मिळत नाहीत आणि द्यावेही लागत नाहीत. यातलं काही नसेल तर सही करू नये, तिथे दिरांचं बरोबर.

एक अट मात्र मी स्वतः हाताने लिहून घेतली असती: 'निदानासाठी आणि पुढच्या उपचारासाठी लागेल इतका तुकडा आधी राखून ठेवावा, त्यातून उरलेलाच संशोधनाला द्यावा.' चांगली केंद्रं हे न सांगता करतात. तरी विचारा. तुमच्याकडे ऑपरेशनची गाठ आहे, सुईचा नमुना नाही, तेव्हा उरण्याइतकं असेल असं वाटतं. आणि अभ्यासात बीआरएएफसारखं काही उपयोगी निघालं तर आम्हाला कळवाल का, हेही. काही अभ्यासांत कळवतात, काहींत नाही.

दिरांचं विकण्याचं भय मी हसण्यावारी नेत नाही. न विचारता माणसांचे तुकडे घेतल्याचा इतिहास आहे, जगभर आहे, म्हणून तर फॉर्म आला. पण त्यांना हेही सांगा की ज्या जीएफएपीमुळे भावासारख्या गाठींची ओळख पटली, त्याच प्रथिनाची आता रक्तात तपासणी होते. डोक्याला मार लागलेल्या माणसाला सीटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवायला मदत म्हणून अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला मंजुरी मिळाली. कुणाच्या तरी मेंदूतल्या व्रणापासून हे इथवर आलं. कधी बंगळूरला जायचा योग आला तर निम्हान्सचं मेंदूचं संग्रहालय दिरांना दाखवा. तिथे दान केलेला खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो. मी घेतला तेव्हा पहिला विचार आला, एवढा जड असतो? मेंदूचे तुकडे बघण्यात जन्म गेलेली मी, तरी आख्खा असा ओंजळीत कधी धरला नव्हता.

मिस्टरांनी नाही म्हटलं तर नाही, फॉर्म परत द्या, कारण द्यायची गरज नाही. हो म्हटलं तर फॉर्मची एक प्रत मागून फाइलमध्ये ठेवा. फाइल एकच करा, पुढे पहिला रिपोर्ट, मग दुसरा, मग लाईटचं कार्ड, एमआरआयच्या सीडी पाठच्या कप्प्यात. ब्लॉकचे आणि स्लाइडचे नंबर फाइलच्या आतल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहा. लॅबमध्ये आम्ही स्लाइडवरही पेन्सिलीनेच लिहितो, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. परफ्युजनचा रिपोर्ट आला आणि बीआरएएफचं कळलं की मला परत लिहा. आणि पुढचं पत्र शक्यतो मिस्टरांच्या हातचं असू दे.